पाणकणसांपलीकडून

आज संध्याकाळपर्यंत तो दुर्मिळ पक्षी दिसला नाही, तर उद्या तळं बुजवायला डंपर येणार होते. नोकरीतलं तिचं हे पहिलंच सर्वेक्षण. तिने पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर पुन्हा लावलं आणि प्राण कानात आणून उभी राहिली.

काठच्या उंच पाणकणसांपलीकडून उत्तर आलं!

“सर, आहे तो!” फोनवर ती रडायलाच लागली.

“नुसत्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार? फोटो काढ.”

तिने पुन्हा आवाज लावला. पुन्हा उत्तर आलं. गुडघाभर चिखल तुडवत जाऊन तिने पाणकणसं हळूच बाजूला सारली.

समोर दुसऱ्या संस्थेचा, तिच्याच वयाचा एक जण उभा होता. हातात तसाच स्पीकर, डोळ्यांत पाणी.

“हलू नका,” तो कुजबुजला. “पक्षी इथेच आहे. आत्ताच दोनदा उत्तर दिलं त्याने.”