समोरच्या स्टँडची हाक

“काकू, आज ते कोणी ओरडणार नाही,” सुयश म्हणाला. “आमचा पूर्ण स्टँडने प्रॉमिस केलाय.”

मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं होती. खालच्या युनिव्हर्सिटीचा कॅप्टन असलेला सुयश ऐन वेळी आपला संघ सोडून वरच्या युनिव्हर्सिटीच्या स्टँडमध्ये रेखाजवळ आला होता. एरवी त्याने इथे पाय ठेवला असता तर त्याची धडगत नव्हती. आज लोकांनी गुडघे बाजूला घेऊन त्याला मुकाट्याने वाट दिली. रेखाला माणसांच्या या शहाण्यासारख्या वागण्याचाच वीट आला होता.

ब्रिस्टलमधल्या या दोन युनिव्हर्सिट्यांचं वैर साठ वर्षांचं. एक टेकडीवरची, दगडी, जुनी. दुसरी खाली रिंगरोडला लागून, पूर्वीचं टेक्निकल कॉलेज. भांडण कशावरून सुरू झालं हे कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं पंचाने भलतीच पेनल्टी दिली, कोणी म्हणतं वरच्यांनी खालच्यांना मागच्या दाराने आत यायला लावलं. कारण विसरले, भांडण मात्र जिवापाड सांभाळलं. त्यातलीच एक रीत अशी, की दर वर्षी दोन्हीकडचे लोक समोरच्या संघातला एक खेळाडू निवडतात आणि नव्वद मिनिटं त्याच्या नावाने शिमगा करतात. त्याच्यासाठी खास ओळ रचतात. निवड होणं हा मान. ज्याच्या नावाने कोणी बोंब मारत नाही तो खेळाडूच कसला!

लागोपाठ दोन वर्षं तो मान वरच्यांकडून खेळणाऱ्या रेखाच्या मुलाला, कुशला मिळाला. ओळ रचली ती या सुयशने. दोघं मेडनहेडच्या एकाच रस्त्यावर वाढलेले, दर रविवारी रेखाच्याच मराठी वर्गात शेजारी बसून पेंगलेले. पार्कमध्ये खेळत असले आणि जेवायची वेळ झाली, की रेखा कुंपणापाशी येऊन हाक मारायची. सुयशने तीच हाक उचलली आणि तीन हजार गोऱ्या पोरांकडून पाठ करून घेतली. कुशच्या पायात बॉल आला रे आला, की समोरचा स्टँड एका सुरात ओरडायचा, “कुश, गरी ये! आई बोलावटे!”

रेखाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भयंकर चिडली होती. पोराला मारलेली आपली हाक, आणि तिचा असा तमाशा! कुश मात्र हसून हसून बेजार. “आई, यू आर फेमस,” तो म्हणाला होता. “मी तर वेट करतो, कधी ओरडतात.” ती ओळ सुरू झाली की तो कानामागे हात धरून समोर बघायचा, आणखी जोरात म्हणून खुणावायचा, आणि मग असा काही पळायचा की बचाव करणाऱ्यांची त्रेधा उडायची.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रेखाने त्याला फोन केला. स्लाऊच्या दुकानात अळूची ताजी पानं मिळाली होती. “वड्या करतेय, घरी ये,” ती म्हणाली. वड्या हे आपलं निमित्त. तीन आठवडे त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तो उद्या सकाळी येतो म्हणत होता. तिने हट्ट धरला, म्हणून तो त्याच संध्याकाळी ब्रिस्टलहून निघाला. न्यूबरीच्या अलीकडे एम-फोर हायवेवर पावसात त्याची गाडी घसरली. रात्री पोलीस दारात आले तेव्हा वड्या झाकून ठेवलेल्या होत्या.

तेव्हापासून तिच्यासमोर सगळे जपून बोलतात. मैत्रिणी आपल्या मुलांचा विषय काढत नाहीत. तिचा नवरा हरीश तर “घरी” हा शब्दसुद्धा टाळतो. कुशचं नाव कोणी घेतच नाही, उगाच तिला त्रास नको. हरीश ऑफिसातून यायच्या आत रोज ती कुशच्या खोलीच्या दारात उभी राहते आणि एकदा हाक मारते. मग कान देऊन थांबते. हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. आठ महिने त्या घरात कुशचं नाव रोज तेवढं एकदाच, तिच्याच तोंडून निघतं.

आज यायचं तिनेच ठरवलं. हरीश नको नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही तेव्हा त्याने गुपचूप सुयशला मेसेज केला होता.

“बरं केलंस, बाळा,” हरीश आता सुयशला म्हणाला.

सुयश खाली मान घालून उभा होता. “माझा चूक होता, काकू. मी तो ओळ बनवायलाच नको होता. सॉरी.”

एरवी रेखाने त्याचं मराठी तिथल्या तिथे सुधारलं असतं. तिने नुसता त्याचा हात धरला. तिची नजर समोर होती. तीन हजार पोरं हाताची घडी घालून, शिकवल्यासारखी गप्प बसली होती. एवढ्या लांबून ती जे ऐकायला आली होती ते कोणी ओरडणार नव्हतं.

“नका रे गप्प बसू,” ती म्हणाली.

हरीश दचकला. “रेखा, अगं काय बोलतेस?”

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. सुयशचा हात तिने आणखी घट्ट धरला.

“त्या दिवशी मी एकटीने बोलावलं, तर तो अर्ध्या वाटेपर्यंतच आला रे. आज तुम्ही सगळे बोलवा.”