कोपराचं माप

"ओट्याला कसलं आलंय डिझाइन?" मुलगा म्हणाला. "गवंडी विटा रचेल, वर फरशी टाकेल, झाला ओटा! माल कालवून ठेवलाय, तो सुकायला लागलाय."

घर अजून घर व्हायचं होतं. भिंतींना गिलावा नव्हता, खिडकीच्या जागी नुसतं चौकोनी भगदाड होतं आणि स्वयंपाकघराला स्वयंपाकघर म्हणायचं ते केवळ सगळे म्हणतात म्हणून. गवंडी थापी घेऊन दाराशी ताटकळला होता. आर्किटेक्टबाईंच्या मात्र घाई गावीही नव्हती. त्यांनी जमिनीवर नकाशा पसरला आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"ओट्याशी उभं कोण राहणार?" त्यांनी विचारलं.

मुलाला विचार करावा लागला. "दोघी," तो म्हणाला. "आई आणि ही." सासू-सून मागेच उभ्या होत्या.

"मग दोघींचं माप लागेल. जमिनीपासून कोपरापर्यंत. ओटा कोपराच्या जरा खाली हवा. फार उंच झाला तर खांदे भरून येतात, बुटका झाला तर कंबर जाते."

कंबर म्हटल्यावर सासूने सुनेकडे पाहिलं. सासू ठेंगणी, सून चांगली उंच. राहत्या घरातला ओटा सासूच्या बेताचा. त्याच्यावर वाकून वाकून सून आता कमरेला पट्टा बांधून वावरते.

"हिचंच घ्या माप," सासू म्हणाली. "माझं काय, मला बाहेर एक खुर्ची टाकून द्या. पुष्कळ झाला स्वयंपाक."

"काही नको," सून म्हणाली. "आईंचं घ्या. मला वाकायची सवय आहे. यांना खुर्चीत बसवलं तर आजारी पडतील."

एरवी दोघींचं भाजीतल्या मिठावरूनही वाजायचं. आज भांडण उलटंच चाललं होतं.

"मी दोघींचं घेणार," बाई म्हणाल्या. त्यांनी टेप काढला. खालचं टोक धरायला मुलगा उकिडवा बसला.

आधी सासूचं. मुलाने टोक जमिनीला टेकवलं आणि त्याला दिसलं, आईच्या टाचा अधांतरी होत्या. ती नुसत्या चवड्यांवर उभी होती आणि तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. त्याने वर पाहिलं. आईने डोळे वटारले. त्याने मान खाली घातली आणि टोक तसंच धरून ठेवलं.

मग सुनेचं. ढगळ कपड्यांच्या आत तिचे गुडघे वाकलेले होते, आणि पाठीला पोक काढून ती जमेल तितकी लहान झाली होती. त्याने वर पाहिलं. तिने डोळे वटारले नाहीत, हळूच नकारार्थी मान हलवली. या दोघींच्या मध्ये गप्प बसण्याचा त्याला चांगला सराव होता, पण आज त्याला बोलायचं होतं.

बाईंनी आकडे पाहिले, मग दोघींकडे पाहिलं, मग पुन्हा आकडे. "दोघींचं माप एकच?"

दाराशी गवंडी खुदकन हसला.

"मॅडम, परत घ्या," मुलगा म्हणाला. त्याने आईच्या टाचा दोन्ही तळव्यांत धरल्या आणि भरलेलं भांडं खाली ठेवावं तशा जपून जमिनीवर टेकवल्या. "आई, अशी उभी राहा."

"अरे, मग ओटा बुटका होईल! हिची कंबर आधीच..."

"नाही होणार. मॅडम, ओटा एका बाजूला खाली आणि एका बाजूला वर असा करता येतो का?"

बाईंनी नकाशा त्याच्याकडे फिरवला. ओटा काढलेलाच होता. मधोमध त्याला पायरी होती. खिडकीकडचा भाग खाली, दुसरा वर, आणि दोन्हीकडे उंचीच्या आकड्याची जागा कोरी.

"पहिल्या दिवशी तुम्ही सगळे माझ्याकडे आलात ना, त्याच संध्याकाळी काढलाय," त्या म्हणाल्या. "आकडे तेवढे भरायचे राहिलेत."

"खिडकीकडचा कोणाचा?" सासूने विचारलं.

"तुमचा."

सासूने आपलं माप निमूटपणे दिलं, टाचा टेकवून. खुर्चीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

"आता तुम्ही. अगदी सरळ उभ्या राहा."

सुनेने गुडघे सरळ केले. मग पाठ, मग मान. कमरेत एक कळ आली, ती तिने गिळली आणि ताठ उभी राहिली.

सासू मान वर करून तिच्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढी उंच आहेस होय गं तू?"