तोंड मिटून प्रचार

देवेंद्रभिया सोफ्यावर बसले, हात जोडले आणि तोंड मिटून घेतलं. आता पाव तास ते बोलणार नव्हते. बोलायचं होतं ते ऋजुतानं. तिच्याकडे बोलायला काही नव्हतं.

खांद्यावर चार महिन्यांचा ऋग्वेद होता. खाली ठेवला की रडायचा. नवरा, संजीव, फॅक्टरीच्या बसनं सकाळीच पीथमपूरला जायचा, तो दिवेलागणीनंतर परतायचा. मधला सगळा दिवस ती बाळाला घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायची. सांगलीहून आई फोनवर विचारायची, कशी आहेस? ती म्हणायची, बरी आहे. केस शेवटचे कधी धुतले ते आठवत नव्हतं. आठवावंसंही वाटत नव्हतं.

देवेंद्रभिया फिरत्या पंख्याकडे बघून समजूतदारपणे मान डोलावत राहिले. वेळ संपल्यावर पुन्हा हात जोडून गेले.

परदेशीपुऱ्यातल्या त्या कॉलनीत रहिवासी संघाच्या अध्यक्षपदाच्या मागच्या निवडणुकीत डीजे लागला होता. घरोघरी पोहे-जलेबी वाटली होती. दोन सख्खे साडू एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि अजून एकमेकांच्या दारावरून जात नव्हते. म्हणून या वर्षी कोर्टातून रिटायर झालेल्या अप्पासाहेबांनी नियम काढला. पोस्टर नाही, भोंगा नाही, नाश्ता नाही. उमेदवारानं प्रत्येक घरी पाव तास बसायचं आणि फक्त ऐकायचं. एक शब्द जरी बोलला तरी बाद. तो बोलला की नाही, हे मतदानाआधी चौकात त्या घरानंच सांगायचं. लोक आधी हसले, मग कबूल झाले. डीजे सगळ्यांच्याच लक्षात होता.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाकाकू आल्या. मागच्या गल्लीतल्या, याही उमेदवार. त्या बसल्याच नाहीत. ऋजुताच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या चिकट अंबाड्याकडे पाहिलं, बाळ सरळ उचलून घेतलं आणि चांगलं मोठ्यानं म्हणाल्या, "जा, डोक्यावरून नाहून ये. घाई नको करूस."

"काकू, तुम्ही बोललात."

"बोलले तर बोलले. सांग खुशाल अप्पासाहेबांना."

ऋजुता बाथरूममध्ये गेली. बाहेर बाळ रडलं, मग गप्प झालं. तिनं डोक्यावर तांब्या ओतला. वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. पाणी कोमट आहे, एवढं फक्त तिला कळलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी कळलं.

रविवारी चौकात अप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. एकेका घराला नाव घेऊन विचारत होते. ऋजुता बाळाला थोपटत मागे उभी राहिली. खरं सांगितलं की काकू बाद. इतक्या दिवसांत या गावात तिच्या खांद्यावरून बाळ काढून घेणारी ती एकच बाई. आणि अप्पासाहेबांशी खोटं बोलायचं म्हणजे वडिलांशी बोलण्यासारखं. त्यांचं बोलणं, चष्मा वर करणं, सगळं तसंच होतं.

"सूनबाई, तुमच्याकडे कोणी बोललं?"

"नाही," ऋजुता म्हणाली.

अप्पासाहेबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढच्या घराचं नाव घेतलं. तिथूनही नाहीच आलं. सगळीकडून नाहीच आलं. दुपारपर्यंत मतं पडली, मोजली गेली, आणि काकू सहज निवडून आल्या. देवेंद्रभियांनी नुसत्याच टाळ्या वाजवल्या आणि त्यांना बोलायची सवय सुटलीय की काय म्हणून लोक हसले. ऋजुता घरी आली. तिला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू. गळ्यातला हार तसाच, तोंड पडलेलं.

"तू का नाही सांगितलंस गं?" त्या आत येऊन धपकन बसल्या. "यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मुझे कहाँ ये सब झंझट? मला बाद व्हायचं होतं. म्हणून तर घराघरात बोलत सुटले. आनंदीबाईंना विचारलं, बीपीची गोळी घेतली का. पलकला म्हटलं, नवऱ्याला सांग, चहा तुझा तू कर. वाटलं, एखादा तरी चुगली करेल. पूरी कॉलनी झूठी निकली, बेटा."

ऋजुता ऐकत राहिली. म्हणजे ती अंघोळ तिच्यासाठी नव्हतीच. आता वाईट वाटेल म्हणून ती थांबली. वाटलं नाही. सकाळी बाळ तिच्या केसांत दूध ओकलं होतं, त्याचा आंबूस वास मात्र येत होता.

काकू अजून बोलतच होत्या. ऋजुता पुढे झाली आणि तिनं ऋग्वेदला त्यांच्या मांडीवर, हाराच्या झेंडूवरच ठेवलं. काकूंचं बोलणं मध्येच थांबलं. हात आपोआप बाळाच्या मानेखाली गेला.

दोरीवरचा टॉवेल ओढून ऋजुता बाथरूमकडे वळली.

"धरा, अध्यक्षबाई," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."