सुकं लाकूड

"आता यांना आवडेल ते खाऊ द्या," असं सांगून डॉक्टरांनी रंभाला दवाखान्यातून घरी पाठवलं. आईचं पथ्य सुटलं म्हणून चिराग खूश झाला. सायबर कॅफेत आकृती बघून त्याने पत्र्याच्या पिंपाची, धुरावर मांस शिजवायची भट्टी बनवली होती. तिच्यातली पहिली कोंबडी आईलाच खाऊ घालायची, म्हणून तो रविवारी भट्टी घेऊन गावी, वटारला आला. गोठ्यामागे ताडपत्रीखाली रचलेली आंब्याची लाकडं त्याला दिसली. त्यातली थोडी त्याने पेटवली. धूर पातळ, निळसर निघाला, म्हणजे लाकडात ओल अजिबात नव्हती.

ओटीवर उशीला टेकून बसलेली रंभा म्हणाली, "कोंबडी शिजवतो का प्रयोग करतो रे? पन वास बरा येतो. एक तंगडी मला ठेव."

चिराग हसला आणि शेजारी उभ्या असलेल्या वडिलांना त्याने विचारलं, "बाबा, एवढं सुकं लाकूड कुठून आणलं?"

बळीरामने एकदा बायकोकडे पाहिलं. मग तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला,



"वखारीतून आनलं, डॉक्टर बोलला त्याच दिवशी. एकदा पाऊस लागला का सुकं लाकूड भेटत नाय, आन् तुझ्या आयला ओल्या लाकडावर कसं ठेवायचं?"