रस कोणता?

रझाकारांनी घरातून ओढून नेऊन मारलेल्या आपल्या मुलावर प्रभावतीनं कविता लिहिली. परभणीच्या वाचनालयात त्या कवितेवर बोलायचं म्हणून तिच्या नवऱ्यानं, मार्तंडमास्तरांनी, टिपण केलं आणि तिला वाचून दाखवलं, "या कवितेचा रस करुण आहे."

प्रभावतीनं हातातलं सूप आदळलं. "करुण? मी रडत न्हाई लिहिली, दातओठ खाऊन लिहिली. रौद्र म्हणा!"

"हळू बोल." मास्तरांनी उठून दार लोटलं. "भर सभेत रौद्र म्हणलं तर ते पुन्हा येतील. घरातला माणूस उचलून नेतील."

तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

 

"माणूस एकच होता या घरात. त्याला नेलं की त्यांनी."