दहावं गाणं

पत्रकावर दहा गाणी छापलेली होती आणि कोनल गिल्डे गाडीतून उतरत होता.

डर्व्हला खिडकीतून बघत होती. ब्याऐंशी वर्षांचा माणूस पुतणीच्या हाताला धरून ब्रीजच्या पबच्या पायऱ्या जपून चढत होता. पन्नास वर्षांपूर्वी त्याची एकच तबकडी निघाली, नऊ गाण्यांची. मग तो इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत गवंडीकाम करत राहिला आणि पुन्हा गायला नाही. डब्लिनमध्ये त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आयर्लंडच्या लीट्रिम कौंटीतल्या त्याच्या या गावात मात्र दर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी पंधरा-वीस जण जमत आणि ती नऊ गाणी म्हणत.

दहावं गाणं डर्व्हलाचं होतं. ते फक्त डर्व्हलाला माहीत होतं.

इथला रिवाज जुना. गाणं संपलं की कुणीतरी विचारायचं, "कुणाचं?" आणि गाणाऱ्याने ज्याने रचलं त्याचं नाव सांगायचं. चौदा वर्षांपूर्वी, आई गेली त्या साली, डर्व्हलाने ते गाणं रचलं आणि इथेच म्हटलं. हा मेळा जमवणाऱ्या फिनबारने विचारलं, "कुणाचं गं?" शेजारणीचं गाणं लोक घड्याळाकडे बघत ऐकतात, हे ती त्या खोलीत कितीतरी वर्षं बघत आली होती.

"कोनलचं," ती म्हणाली. "माझ्या कव्हेंट्रीच्या मावशीकडून मिळालं."

फिनबारचे डोळे भरून आले. पुढच्या वर्षी ते पत्रकावर छापून आलं. डर्व्हला कौंटीच्या प्रयोगशाळेत विहिरींचं पाणी तपासत असे. तिथे एका बाटलीवर चुकीची चिठ्ठी आढळली, तर ती अख्खी पेटी परत पाठवायची.

"अगं, अशी खांबासारखी काय उभी आहेस?" फिनबार मागून म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन. कोनलला एकोणीस पत्रं त्यानेच लिहिली होती.

"घसा बसलाय."

"चौदा वर्षं ठणठणीत होता, आणि आजच बरा बसला! ब्रीज, हिला मध घालून चहा दे. आणि हिला दारापासून लांब बसव, पळून जाईल."

"तू गप्प बसलास तर तिचा घसा आपोआप सुटेल," ब्रीज काउंटरमागून म्हणाली.

"फिनबार, ते दहावं गाणं..."

"ते शेवटी. त्यांना चकित करायचंय." त्याने आवाज हळू केला. "खरं सांगू? ती नऊ मला आवडतात. पण या दहाव्यासाठी मी पत्रं लिहिली."

डर्व्हलाने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. म्हातारा विसरला असेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पन्नास वर्षांत माणूस काय काय विसरतो. "माझंच" म्हणेल आणि संपेल. नाही म्हणाला, तर पुढच्या ऑक्टोबरपासून आपल्याला या खोलीत जागा नाही.

कोनलला शेकोटीजवळच्या बाकावर बसवलं. फिनबार उभा राहिला.

"तुम्ही एका तबकडीवर थांबलात ना, तिथेच आम्ही तुम्हाला मानलं. दुसरा असता तर दर वर्षी एक काढून लोकांना पिळलं असतं."

"थांबलो असं नाही," कोनल म्हणाला. "पुढे गाणीच नव्हती."

सगळे हसले. "बघा, कसला साधा माणूस!" फिनबार म्हणाला.

गाणी सुरू झाली. एकाचं झालं की तो पुढच्याचं नाव घेई. नाव घेतलं की नाही म्हणायचं नाही. कोनल डोळे मिटून ऐकत होता. मधूनच त्याचे ओठ हलत. नववं ब्रीजने म्हटलं, मग पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत म्हणाली, "डर्व्हला."

कोनलने बाकावर शेजारी जागा करून दिली आणि तिचा हात हातात घेतला. गाणाऱ्याचा हात शेजारच्याने धरायचा, हीही इथलीच पद्धत. तिने डोळे मिटले. पहिल्या कडव्याला त्याचा हात चालीबरोबर हलकेच फिरत होता. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला तो थांबला. तिने गाणं शेवटपर्यंत नेलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळे कोनलकडे बघत होते.

"कुणाचं?" त्याने विचारलं.

फिनबार हसला. "अहो, तुमचंच की! स्वतःचं विसरलात?"

"मी हिला विचारतोय. कुणाचं गं पोरी?"

त्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच तिला खोटं बोलता आलं नाही.

"माझं," ती म्हणाली. "मी रचलं. आई गेली तेव्हा."

शेकोटीत काहीतरी तडकलं. फिनबार आधी हसू लागला, मग थांबला.

"चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं."

"मी ते नोराच्या शवपेटीशी उभं राहून म्हटलं, डर्व्हला. माझ्या बायकोच्या. कोनल गिल्डेचं गाणं म्हणून म्हटलं. सगळ्या चर्चला तसं सांगितलं मी."

"माहीत आहे. मी तिथे होते."

"आणि तोंड उघडलं नाहीस."

"फिनबार, खाली बस," ब्रीज म्हणाली.

"बसत नाही! लाज वाटायला हवी. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर..."

डर्व्हला उठू लागली. तिला कोट घ्यायचा होता आणि बाहेर पडायचं होतं. पण कोनलने हात सोडला नाही. त्याची पकड गवंड्याचीच होती.

"तिला बोलू नका," तो म्हणाला. "तिला निदान कुणीतरी विचारलं. तबकडी निघाली तेव्हा 'कुणाचं?' हा प्रश्न मला कुणी विचारलाच नाही. विचारला असता, तर नऊच्या नऊ वेळा मला एकाच बाईचं नाव सांगावं लागलं असतं."