बरोबरची खूण

खिडकीतून पुढच्या माणसाची चिठ्ठी आत आली आणि कामिनीचा हात थांबला. आत्ता जी म्हातारी गेली, तिला आपण कुठली गोळी दिली?

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत खुर्च्या दोन. दुसरीवरची जागा मंजूर आहे, माणूस तेवढा यायचाय. तोवर सगळी रांग एकट्या कामिनीची. बीपीची गोळी पांढरी, साखरेची पांढरी, पट्टीही सारखीच. रत्नाबाईला साखरेचा आजार नाही. चुकून ती गोळी पोटात गेली तर म्हातारी घरी जाऊन झोपेल आणि उठायची नाही.

"येतेच," म्हणत तिनं खिडकी लोटली.

"आता काहून बंद करून राहिल्या वो म्याडम?" रांगेतून कोणी तरी विचारलं. ती थांबली नाही.

फाटकाबाहेर आंधळगावची ऑटो सीट भरायची वाट पाहत उभी होती. रत्नाबाई मागच्या सीटवर पिशवी धरून बसली होती.

"आजी, गोळ्या दाखवा बरं."

म्हातारीनं मुकाट्यानं पाकीट काढून दिलं. रत्नाबाईला वाचता येत नाही, म्हणून वर कामिनीनंच सूर्य काढून दिला होता. सकाळची गोळी. आत पट्टी बीपीचीच. कामिनीनं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. तिचा जीव भांड्यात पडला. परत शंका नको म्हणून सूर्याशेजारी बरोबरची खूण करून ठेवावी, असं मनात येऊन तिनं खिशातला लाल पेन काढला.

खूण तिथं आधीच होती. लाल.

"हे कोणी केलं?"

"तुमीच तं केली नं मघाशी," रत्नाबाई म्हणाली. "अशाच पळत आल्या, पाह्यलं, खूण केली अन् गेल्या."

"मी?"

"मंग कोन?"

कामिनीला काहीच आठवेना. म्हातारीच घोळ घालत असेल. पण पेन तर आपला. गोळी बरोबर निघाली, तरी तिला मघापेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं. "बरोबर आहे आजी," एवढं पुटपुटून ती माघारी वळली.

तेवढ्यात शेवटची सीट भरली. ऑटोवाल्या धनीरामनं किल्लीला हात घातला.

"थांब बापू जरा," रत्नाबाई म्हणाली. पाकीट तिनं पिशवीत टाकलं नाही. खूण वर येईल असं मांडीवर ठेवलं.

"म्याडम येतीन अजून."